नवऱ्याची पत्रं

बायको रेडिओवरच्या तिच्या कार्यक्रमात दर रविवारी देशोदेशीची गाणी निवडून लावायची. कधी कुठल्या बेटावरच्या कोळ्यांची, कधी डोंगरातल्या मेंढपाळांची. "कोण ऐकतं तुझी ही कटकट?" म्हणत त्याने वीस वर्षांत एकदाही रेडिओ लावला नाही.

ती गेल्यावर सहकाऱ्यांनी तिच्याच आवडत्या गाण्यांनी तिला श्रद्धांजली वाहिली. त्यालाही बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर तिची मदतनीस डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, दर आठवड्याला तुमचं पत्र आलं, की ताई आम्हाला वाचून दाखवायच्या. नवरा असावा तर असा!" आणि तिने पत्रांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला.

त्याने वरचं पत्र उघडलं. 'आजचं मेंढपाळाचं गाणं ऐकून डोळे भरून आले गं.'

खाली नाव त्याचं होतं. अक्षर बायकोचं.