जिवंत जमीन

प्लॉट न पाडता घरची शेती राखणाऱ्यांना सरकारी अनुदान मिळणार होतं. अट एकच, जमीन जिवंत हवी. साहेब येणार, फावडंभर माती उपसणार आणि तीत निदान दहा गांडुळं सापडली तरच सही करणार.

काकूंच्या शेतात औषध मारून मारून एकही गांडूळ उरलं नव्हतं. शेवटी अडल्या काकूंनी जाऊबाईंचे पाय धरले. जाऊबाईंच्या शेताची तपासणी कालच पार पडली होती. त्यांनी झाकलेली निळी बादली पुढे केली. "ने, पण संध्याकाळी आठवणीने परत आण हो!"

काकूंनी गोठ्यामागे गांडुळं पुरली, वर पाणी शिंपडलं आणि बादली गवताच्या भाऱ्याआड दडवली. साहेब आले तसं त्यांना नेमकं तिथेच उभं केलं. "इथंच खणा साहेब, माती मऊ आहे."

साहेबांनी खणलं, मोजलं. चांगली बावीस निघाली! सही झाली आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

पेनाला टोपण लावत साहेबांनी भाऱ्याआडून डोकावणाऱ्या निळ्या काठाकडे पाहिलं.



"काकू, ही निळी बादली मला या आठवड्यात पाचव्या शेतावर भेटतेय. आता गांडुळांना इथंच राहू द्या, फिरून फिरून दमली असतील बिचारी!"