आईचं आजचं चालणं

आईचं आजचं चालणं पूर्ण झालं, असं फोनने सांगितलं, तेव्हा लेक बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून आईच्याच लोकरी मोज्यांच्या जोड्या लावत होती. आईला जाऊन महिना होत आला होता.

फोनच्या पडद्यावर आईच्या नावापुढचं वर्तुळ काठोकाठ हिरवं झालं होतं. खाली नेहमीचा प्रश्न : शाबासकी पाठवायची?

कुलपात किल्ली फिरली. बाबा आत आले. कॉलर घामाने भिजलेली, बुटांवर धूळ, गालांवर लाली. चार मजले चढून आले होते आणि त्यांना दम लागला नव्हता. घड्याळं दुरुस्त करत जन्मभर एका स्टुलावर बसून ज्यांचे गुडघे धरले होते, ते बाबा भिंतीचा आधार न घेता, एका पायावर उभं राहून बूट काढू लागले. मनगटावर आईचा पट्टा होता. पावलं मोजणारा, लेकीनेच पाठवलेला.

"ती गेल्यापासून आज पहिल्यांदाच बाहेर पडलो बघ," ते म्हणाले. "हा सवयीने बांधला गेला." मग त्यांना तिच्या हातातला फोन दिसला. काढलेला बूट हातातच राहिला.

"कधीपासून बांधताय?"

"अगं, चहा टाकतो आधी."

"कधीपासून, बाबा?"

"तू पाठवलास, त्या पहिल्याच आठवड्यापासून." त्यांनी बूट हळूच खाली ठेवला. "दोन-तीनदा गेली ती. औषधाच्या दुकानापर्यंत. तिथून तिला धरून आणावं लागलं. मग म्हणाली, अहो, तुम्हीच जा. लेकीचं वर्तुळ पुरं करून या, नाहीतर फोनवर माझी शाळा घेईल. इतके हसलो आम्ही! मला वाटलं, चार दिवसांची गंमत."

लेक हसली नाही. रोज सकाळी दुसऱ्या शहरात कामावर निघताना ती ते वर्तुळ पाहत असे. हिरवं झालं की शाबासकी पाठवत असे. संध्याकाळी आई फोनवर सांगे : वेळेवर झोपते, पाणी पिते, ताठ बसते. गुडघे हलके झालेत. सकाळी उठल्यावर अंगात बळ असल्यासारखं वाटतं. ऑफिसात कुणी पाठ धरली म्हणून कुरकुरलं की लेक आईचं उदाहरण द्यायची.

"जिना एका दमात चढते, म्हणायची मला."

"मी चढायचो तो." बाबा अवघडून म्हणाले, "तुझं खरं होतं हं. रोजच्या चालण्याने फरक पडतो. माझे गुडघे तर..." ते थांबले. आपल्या गुडघ्यांकडे त्यांनी असं पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचे न विचारता उचलून आणले होते.

"चालूनही पाठीचं दुखणं राहिलं तर तिला लगेच घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले होते. तुमच्यासमोर."

"हो."

"आणि मी त्यांना कळवत राहिले. चालतेय, बरी आहे. चालतेय, बरी आहे."

दुखणं किती खोल गेलं आहे ते शेवटी तपासणीत दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस काय करत होता तुम्ही? लेकीने त्यांच्यापुढे फोन धरला होता. हिरवी वर्तुळं, ओळीने, सगळ्या महिन्यांची. बाबा शेजारीच उभे होते. तेव्हाही ते बोलले नव्हते.

"तिने शपथ घातली होती," बाबा म्हणाले.

"माझ्यापासून लपवायची?"

बाबा टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकत राहिले.

"एकदा ही विसरलो, म्हणून अर्ध्या जिन्यावरून परत आलो," ते टोपीशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दाराबाहेरच ऐकू आलं. कण्हत होती. मोठमोठ्याने. माझ्यासमोर कधी नाही हं. मी घरात असलो की ओठ घट्ट मिटलेले. तेव्हा कळलं, मला बाहेर का पाठवते ते."

"मग?"

"मग किल्ली परत खिशात टाकली. त्या दिवसापासून मोठी फेरी घ्यायला लागलो. म्हटलं, तेवढाच तिला वेळ."

मोठ्या फेरीचे दिवस लेकीला आठवत होते. वर्तुळ भरून त्यावर हिरव्याची आणखी एक कडा चढायची. त्या दिवशी तिने दोनदा शाबासकी पाठवलेली असायची.

बाबांनी पट्टा सोडला. त्याला दोन ठिकाणी घडी पडली होती. एक शेवटच्या भोकाशी, त्यांच्या जाड मनगटाची. दुसरी पार आतल्या भोकाशी.

लेकीचं बोट त्या आतल्या घडीवर थांबलं.

"परत आलो की तिच्या हाताला बांधायचो," बाबा म्हणाले. "तुझी शाबासकी आली की हा थरथरतो ना. ती तिला स्वतःला हवी असायची. डोळे मिटून वाट बघत पडायची. उशीर झाला तर म्हणायची, आज गाडी चुकली वाटतं पोरीची."

लेकीने हात मागे घेतला.

बाबा पट्टा घेऊन आतल्या खोलीत गेले. उघड्या दारातून दिसत होतं : त्यांनी तो आईच्या बाजूच्या उशीवर ठेवला, नीट सरळ केला.

फोन अजून विचारतच होता. लेकीने तो जमिनीवर पालथा घातला आणि पुढचा मोजा उचलला.

आत बाबा उशीपाशी उभेच होते. नजर पट्ट्यावर, आणि एक बूट अजून पायात.