नवा फॉरवर्ड

"पण म्हाताऱ्याला द्यायला नको होतं," मुलगी म्हणाली.

चष्मेवाल्याने कप बशीत ठेवला आणि विचारात पडल्यासारखा चेहरा केला. म्हातारा म्हणजे शहराच्या बास्केटबॉल टीमचा जुना फॉरवर्ड. वय चौतीसच, पण इतके सीझन एकाच टीमकडून खेळल्यावर लोक लाडाने म्हातारा म्हणणारच. यंदा सीझन संपल्यावर टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं आणि बदल्यात एक नवा, ताडमाड फॉरवर्ड घेतला. तेव्हापासून चार टाळकी जमतील तिथे हाच वाद.

चष्मेवाल्याला या वादाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. बास्केटबॉलची एक मॅचही त्याने आयुष्यात धड पाहिली नव्हती. पण पहिल्या भेटीत या अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगात टीमचा निळा टीशर्ट दिसला आणि घाबरून त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे वा, बास्केटबॉल! मला फार आवडतो."

"मलाही," ती म्हणाली होती. झालं. बाण सुटून गेला.

तिची आई घरीच कपडे शिवून द्यायची. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आईने चष्मेवाल्याला स्वच्छ सांगितलं होतं, "मला तुम्ही हवे आहात. पण तिच्या मनाविरुद्ध या घरात काही होणार नाही." हे त्याला शंभर टक्के मान्य होतं. म्हणूनच तर आता थाप निभावणं भाग होतं.

मग त्याने आपल्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या न्हाव्याला गुरू केलं. न्हावी टीमचा कट्टर चाहता. चष्मेवाला गरज नसताना रोज दाढीला बसायचा आणि तिथल्या गिऱ्हाइकांची भांडणं कान टवकारून ऐकायचा. गाल सोलून निघाले, पण रिबाउंड म्हणजे बास्केटला लागून परत आलेला चेंडू पकडणं, एवढं कळलं.

"म्हाताऱ्याचा गुडघा गेलाय गं," तो आता न्हाव्याच्या थाटात म्हणाला. "नवा उंच आहे. सगळे रिबाउंड त्याचेच."

"उंचीने काय होतं? अनुभवी खेळाडू हा संघाचा कणा असतो."

एवढीशी पोर आणि बोलणं बघा. चष्मेवाला चाट पडला. हे वाक्य कालच्या पेपरात वाचल्यासारखं वाटत होतं, पण जाणकारांची मतं जुळायचीच.

"ते खरं. पण गेल्या सीझनला त्याने गोल किती केले?"

बोलला आणि त्याने जीभ चावली. गोल फुटबॉलमध्ये करतात, एवढं तर त्यालाही माहीत होतं. आतल्या खोलीत शिलाई मशीन थांबलं.

"कमीच केले," मुलगी शेवटी म्हणाली.

किती समंजस पोर! चूक पोटात घातली, पाहुण्याला तोंडघशी पाडलं नाही. चष्मेवाल्याला तिची एकदम माया आली. आत मशीन पुन्हा सुरू झालं.

मुलीने टीशर्टची कड बोटाला गुंडाळायला घेतली.

"काका, नवा आला की जुन्याला सगळे विसरतात का?"

हा प्रश्न न्हाव्याच्या दुकानात कुणी काढला नव्हता. चष्मेवाल्याला घाम फुटला, पण उत्तरासाठी फार शोधावं लागलं नाही.

"छे. जुन्याचा जर्सीवरचा नंबरसुद्धा कुणाला देऊ नये. नव्याने मागितलाच, तर पहिला मी भांडेन. त्याने आपला वेगळा नंबर घ्यावा आणि जुन्याचा फोटो आहे तिथेच राहू द्यावा."

भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे दोघांनीही बघायचं टाळलं.

"आणि त्याला इथे आवडलंच नाही तर? थोडे दिवस राहायचं आणि निघून जायचं, असंही करतात ना?"

"करतात. हा नाही करायचा."

"कशावरून?"

"त्याला हीच टीम हवी होती." बास्केटबॉल केव्हाच मागे पडला होता. "दुसऱ्या कुणी कितीही बोलावलं असतं तरी तो गेला नसता. त्याला भीती एकच आहे. टीम त्याला आपला म्हणेल की नाही."

मुलीने टीशर्टची कड बोटावरून सोडली. मशीन कधीचं बंद होतं.

"बघू," ती म्हणाली.

बघू! या एका शब्दावर माणसाने घरी जाऊन झोपायचं कसं? निघताना चष्मेवाल्याने डाव्या पायात उजवा बूट घालून पाहिला. आई दारापर्यंत आली. तिने नजरेनेच धीर धरा म्हणून सांगितलं. जिन्यावरून त्याची पावलं सावकाश, रेंगाळत खाली गेली.

आईने दार लावलं आणि ती लेकीकडे वळली. तिच्या हातातला अर्धा शिवलेला पडदा तसाच लोंबत होता.

"मग? काय वाटलं तुला?"

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. जिन्यावरची पावलं पार ऐकू येईनाशी झाल्यावर ती कुजबुजली,

"आई, काकांना कळलं तर नसेल ना? टीशर्ट तर मी नुसता निळा आवडला म्हणून घेतलेला. आठवडाभर मी पेपर पाठ करतेय, पण फॉरवर्ड म्हणजे नेमका कोण, तेच मला अजून समजलेलं नाही. खरं सांग, मी आवडले असेन ना गं त्यांना?"