तीन बोटं

"बसा, बाबूजी," धनेंद्र म्हणाला. "माय, तू हँडल घट्ट धर."

मुन्नीबाईनं पदर खोचला, पुढचं चाक दोन पायांत घेतलं आणि हँडल धरलं. धनेंद्रनं बापाच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. ठेवलं, असंच म्हणावं लागेल. स्वतः चढायला कुंजीलालच्या पायांत आता जोर कुठला?

मोटरसायकल लांबच्या प्रवासाची, काळी, म्हशीसारखी भारी. धनेंद्र कोहमाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. दिवाळी झाल्यापासून घरी आला की अंगणात तिलाच भिडलेला असायचा. हँडल उंच केलं. सीटचा फोम बदलला. मागे खुर्चीसारखी पाठ बसवली आणि तिच्यावर घरातली जुनी गोधडी कापून शिवली. सगळं कशासाठी, तर बापाला धारला न्यायचं. धारला त्यांच्या पोवार समाजाची देवी. पुरखे तिकडूनच, माळव्यातून आलेले. "पुढच्या साली जाऊ, पुढच्या साली जाऊ," करता करता कुंजीलालची उमर गेली, आणि यंदा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरी न्या, मनात येईल ते खाऊ घाला. याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

रेल्वेनं जा म्हणून सगळ्यांनी डोकं फोडलं. पण ऐकेल तो कुंजीलाल कसला. "पुरखे घोड्यावर बसून आले," तो म्हणाला, "अन् मी डब्यात बसून जाऊ? मी का गाठोडं आहो?"

मुन्नीबाईची एकच अट होती. रस्त्याचा हिसका त्याच्या पोटाला बसता कामा नये. तेव्हा धनेंद्रनं तिला समजावलं होतं. मागच्या शॉकअपची स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे कडक-नरम करता येते. माणूस बसल्यावर सीट तीन बोटं खाली गेली, तर खड्डे स्प्रिंग खाते. नाही गेली, तर माणूस खातो. तीन बोटं दबली तरच उद्या निघायचं, असं मायलेकांचं ठरलं होतं.

धनेंद्र मागे उकिडवा बसला. बोटं लावून पाहिली. सीट जिथल्या तिथे.

"दबली का?" कुंजीलालनं विचारलं.

"थांबा जरा. स्प्रिंग कडक आहे."

कडक असणारच. ती त्यानं आठवणीतल्या बापाच्या मापानं ठेवली होती. भाताच्या रोवणीच्या आधी बांधीतला, म्हणजे खाचरातला, चिखल सपाट करायला बैलांमागे फळी ओढतात, आणि वजन पडावं म्हणून तिच्यावर माणूस उभा करतात. गावात बांधी कोणाची का असेना, फळीवर कुंजीलाल. त्याला पाहून ढेकळं आपणच फुटतात, असं लोक म्हणायचे.

धनेंद्रनं पाना लावून स्प्रिंगचं कडं एक खाच सैल केलं. मग आणखी एक. मग आणखी. शेवटच्या खाचेवर कडं अडलं. त्याहून नरम ती होणार नव्हती. त्यानं पुन्हा बोटं लावली. एक बोट. तेही ओढूनताणून.

रोज तोच बापाला न्हाणीत न्यायचा, अंग पुसायचा, कूस बदलायचा. बाप वाळत चाललाय, हे त्याला दिसत होतंच. पण असं मापून कोणी दाखवलं नव्हतं.

"काऊन गप बसला बे?" कुंजीलाल म्हणाला. "दबली का नाई?"

"दबून राहिली, बाबूजी."

धनेंद्रनं उजवा तळवा सीटच्या मागच्या टोकावर ठेवला आणि जोर दिला. हळूहळू, बापाला झटका बसणार नाही असा. सीट खाली गेली. दोन बोटं. तीन.

"आता बसली," तो म्हणाला. "बरोबर तीन बोटं."

कुंजीलाल हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "पाह्य वो," तो मुन्नीबाईला म्हणाला. "काई उरलं नाई म्हनत होती ना? गाडी दाबली मी."

मुन्नीबाई समोर उभी होती. तिला नवऱ्याचं हसू दिसत होतं, आणि त्याच्या बाजूनं मागे पोराचा हातही दिसत होता, ताठलेला, शिरा फुगलेला.

"हो," ती म्हणाली. "दाबली तुमी."

आणि तिला रडू आवरेना. हँडल सोडता येत नव्हतं, म्हणून बिचारीला डोळेही पुसता येईनात.

कुंजीलाल तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांचा संसार. ती आपल्याकडे पाहून रडत नाही, आपल्या मागे काहीतरी पाहून रडते आहे, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याचं हसू गेलं. पण तो मागे वळला नाही.

"धनू," तो म्हणाला, "हात काढ."

"बाबूजी, मी त नुसता..."

"काढ म्हनतो ना. पाहू दे मले, केवढा उरलो त."

मुन्नीबाईनं मान खाली घातली. धनेंद्रनं हात काढला.

सीट वर आली, कुंजीलालला घेऊन.