शंभर नव्या पुंगळ्या

पुंगळ्या बनवणाऱ्या कंपनीचा मेल बाळकृष्ण सावंतने शेवटपर्यंत वाचला. समोर स्टुलावर बसलेला म्हातारा मुस्तफा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

मस्कतच्या कुरुम भागातल्या या बंदुकांच्या दुकानात बाळकृष्ण सोळा वर्षं काडतुसं हाताने भरत होता. मुस्तफाची रायफल त्याच्या आजोबांच्या वेळची. तिची तयार काडतुसं कुणीच बनवत नव्हतं. पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेरून मागवायच्या, त्यांत दारू भरायची, वर गोळी बसवायची. बाळकृष्णशिवाय अख्ख्या मस्कतमध्ये हे कुणाला जमत नाही, असं निदान मुस्तफाचं तरी मत होतं. डोंगरातल्या त्याच्या घरी प्रत्येक मुलाच्या लग्नात हीच रायफल वाजली होती. आता धाकट्याचं लग्न महिन्यावर आलं होतं.

बाळकृष्ण म्हणजे जुना टूथब्रश कंगवे घासायला ठेवणारा माणूस. काही टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. झाडलेल्या पुंगळ्या तो गिऱ्हाइकांकडून हक्काने परत मागायचा, घासून, तापवून पुन्हा आकारात आणायचा आणि एकेक दहा-बारा वेळा वापरायचा. कंपनीला जाणारी ऑर्डर दरवर्षी कमी व्हायची आणि याची छाती फुगायची. या वर्षी मात्र सगळ्या पुंगळ्या एकापाठोपाठ एक तडकल्या. म्हणून त्याने घाईघाईने शंभर नव्या मागवल्या होत्या.

"क्या बोलता है कंपनी?" मुस्तफाने विचारलं.

सुटं सामान बंद झालं, यापुढे ते फक्त नव्या मापांची तयार काडतुसं विकणार, असं बाळकृष्णने त्याला सांगितलं. म्हाताऱ्याने डोळे पुसून उलट बाळकृष्णच्याच खांद्यावर हात ठेवला. तू जिवापाड केलंस, त्या लोकांनाच आमची पर्वा नाही, असं म्हणाला.

त्या हाताखाली गप्प बसणं काही बाळकृष्णला जमेना. मेलमधला उरलेला मजकूर त्याने अडखळत, एकेक शब्द समजावून सांगितला.

"ते लिहितात, या मापाचं शेवटचं गिऱ्हाईक तुमचंच दुकान होतं. तुमची मागणी दरवर्षी घटत गेली. आता तुम्हालाही पुंगळ्या नको असतील असं समजून आम्ही साचे मोडीत काढले."