मॉर्तुआ

"जुळ्यांपैकी एक मूल तिसऱ्या दिवशी गेलं, असं लिहिलंय," बाप्तिस्म्याची जुनी वही पुढे करत फादर म्हणाले.

सेराफिना आणि तिचा जुळा भाऊ आग्नेल, दोघंही हयात होती. मावशी परवा तिच्या जन्माबद्दल काहीतरी बोलून गेली होती, तेव्हापासून तिला संशय होताच. "कोण गेलं, फादर?"

"लॅटिनमध्ये मुलगा वारला तर 'मॉर्तुअस', मुलगी वारली तर 'मॉर्तुआ'." फादरांनी भिंग धरलं. "इथे 'मॉर्तुआ' आहे."

"लिहिताना चूक झाली असेल."

फादरांनी वही मिटली.

घरी आई वालाच्या शेंगा सोलत होती. सेराफिना शेजारी बसली. तिने विचारलं, "आई, तिचं नाव काय ठेवलं होतं?"

आईचे हात थांबले.

"सेराफिना," ती म्हणाली. "तुला आणलं, तेव्हा दुसरं नाव तोंडी येईना."