थंड चहाचा पहिला दिवस

आबांच्या चहाच्या दुकानात आज तीन बाटल्या जास्त होत्या: गुलाब, आंबा आणि गवती चहा. त्यांच्या लेकीने, हर्षालीने, तिन्हींत चहापत्ती रात्रभर थंड पाण्यात मुरवली होती.

"संध्याकाळपर्यंत खपला तर फ्रिज तुझा," आबा म्हणाले. "नाहीतर आइस्क्रीमवाल्याला देतो."

नेहमीच्या देसलेकाकांनी डोळे मिटून तिन्ही चवी घेतल्या. "गुलाब म्हणजे साबण. आंबा ठीक. गवती चहाला तोड नाही, पोरी!"

"पेला भरू, काका?"

"भर की. जरा गरम करून दे."

"हा थंडच प्यायचा. उकळला की कडवट होतो."

"मग साखर टाक."

मागच्या दोन गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या. हर्षालीने एकदा फ्रिजकडे पाहिलं आणि गॅस पेटवला.

दिवसभरात थंड चहाचे चौतीस पेले खपले. सरासरी तापमान ब्याऐंशी अंश.